शब्दचर्चा : बल, जोर, दाब की लोड?

भाषांतरवाली :
थ्रीडी प्रिंट केलेल्या टायटॅनियमच्या मशिनिंगवरचा, म्हणजे यंत्रावर कापून आकार देण्यावरचा, एक लेख मराठीत करतेय. ‘कटिंग फोर्स’ला ‘कर्तनबल’ लिहिलं, तर संपादक म्हणतात ‘कापण्याचा जोर’ करा, लोकांना कळेल. शिवाय ‘हीट’ला मी कुठे उष्णता, कुठे तापमान लिहून गेलेय. चालेल?

लेथवाला :
वर्कशॉपात यातलं काहीच कुणी बोलत नाही. ‘लोड येतोय’ म्हणतात. स्पिंडलचा, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याचा, लोड स्क्रीनवर टक्क्यांत दिसतो, तो चढला की फीड, म्हणजे टूल पुढे सरकवायचा वेग, कमी करायचा. लोडच लिहा.

जुनाकोश :
दादा, बोलायला ठीक आहे, लेखात नको. स्क्रीनवरचा लोड मोटरचा असतो. बल तेवढंच ठेवून कापण्याचा वेग दुप्पट केला तर शक्ती दुप्पट लागते आणि लोड चढतो, बल मात्र जिथल्या तिथे. बल मोजायला जॉबखाली (कापायच्या तुकड्याखाली) किंवा टूलखाली डायनॅमोमीटर हे बलमापक बसवतात. तो तीन दिशांचे तीन आकडे देतो, म्हणून ‘कर्तनबले’ असं अनेकवचन बरं.

‘जोर’ लावणाऱ्याचा असतो. इथे टूल धातूला रेटतं तितकाच धातूही टूलला रेटतो. ही परतफेड ‘जोर’ या शब्दात येत नाही.

‘दाब’ मी खोडणारच होतो, पण टायटॅनियमला तोच लागतो. कापताना लागणारं बल पोलादाच्या मानाने फार वेगळं नसतं. फक्त चिप, म्हणजे कापून निघणारा धातूचा कीस, टूलच्या माथ्यावर अगदी थोड्या लांबीवर टेकून निघून जाते. टेकायला जागा कमी, म्हणून धारेलगत दाब जबरदस्त.

उष्णता-तापमानाची गोष्ट हुबेहूब तशीच. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या नेहमीच्या मिश्रधातूची उष्णतावाहकता सुमारे ७ वॅट प्रति मीटर-केल्विन, साध्या कार्बन पोलादाची ५०च्या आसपास. कार्बाइडच्या टूलने कापायचा वेगही मिनिटाला ६० मीटरच्या आगेमागे ठेवतात, त्यामुळे उष्णता तशी बेताचीच तयार होते. पण तिला जॉबमधून वाट मिळत नाही, ती धारेपाशी साचते. उष्णता बेताची, तापमान भलतंच. दोन्ही शब्द ठेवा, अदलाबदल करू नका.

लेथवाला :
पटलं. पण मग आम्ही म्हणतो ‘मटेरियल कडक आहे’, ते? धातूच्या सळईतून काढलेला जॉब आणि लेसरवर प्रिंट केलेला जॉब एकाच प्रोग्रॅमवर लावले, तर दुसऱ्यावर टूलची टिप आधी झिजते. हे हाताने पाहिलेलं आहे.

जुनाकोश :
‘कडक’मध्ये दोन गुण घुसलेत. ठसा उमटू देत नाही तो कठीण, वाकत नाही तो ताठ. लेसरवाला जॉब जास्त कठीण असतो, कारण लेसरने भुकटीचा वितळवलेला थर क्षणात थंड होतो आणि आत सुईसारखी मार्टेन्साइट रचना तयार होते. लेसरऐवजी इलेक्ट्रॉन बीमने वितळवून प्रिंट केलं तर भुकटीचा थर शेकडो अंश तापवलेला असतो, तिथे एवढं होत नाही. ताठपणात मात्र टायटॅनियम पोलादाच्या निम्म्याहून जरासंच वर. पातळ भिंत टूलपुढे मागे सरते, टूल गेलं की परत येते आणि त्याच्या पाठीला घासते. घासलं की आणखी तापलं.

भाषांतरवाली :
‘कडक’ काढते. आणि ‘थ्रीडी प्रिंटेड’? ‘मुद्रित’ म्हटलं की कागदच डोळ्यांपुढे येतो.

जुनाकोश :
‘थररचित’. यात स्फटिककण बहुधा थरांना छेदून उभे वाढतात, त्यामुळे कुठल्या बाजूने कापलं यावरही बल बदलू शकतं. ‘थर’ शब्द दिसला की वाचक निदान दिशा विचारेल.

लेथवाला :
चिपला चिपच ठेवा. ढलपी कुऱ्हाडीने निघते. ही करवतीच्या दात्यांसारखी निघते.

भाषांतरवाली :
हे बघा : ‘थररचित टायटॅनियम कापताना बल फार वाढले नाही तरी धारेलगत दाब आणि तापमान वाढते.’

जुनाकोश :
दाब आणि तापमान. दोन आहेत. ‘वाढतात’.