युद्धातल्या दुभाष्याचा चेहरा फोटोत दिसावा का?

रंकाळाकर: शाहू स्मारकमध्ये युद्धछायाचित्रांचा स्लाइड शो करायचं आमच्या ग्रुपचं चाललंय. माझं मत, दुभाष्याला फोटोग्राफीनं कायम कडेला ठेवलं. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याचे (1945-46) फोटो बघा. आरोपींच्या पिंजऱ्याला लागूनच काचेमागं हेडफोन लावून दुभाषे बसलेत. चार भाषांतला अख्खा खटला त्यांच्या जिवावर चालला. कुणी फार वेगानं बोललं की पिवळा दिवा लागायचा, म्हणजे दमानं घ्या. छापून येतो मात्र आरोपींतला बडा नाझी नेता गोअरिंग. अफगाणिस्तानातही तेच. सैनिक आणि गावचा म्हातारा समोरासमोर, मधला माणूस अर्धा कापलेला, फोटोखाली नाव नाही. आपण तरी चेहरे मोठे करून दाखवूया.

पेठकरी: भावा, नाव नव्हतं म्हणून कितीतरी जण वाचले. इराकमध्ये दुभाषे तोंड झाकून का फिरायचे? घर त्याच शहरात, पोरंबाळं तिथंच. 2008 मध्ये अमेरिकन लष्करानं बगदादमध्ये त्यालाही मनाई केली, तेव्हा लोक हबकले. फोटोग्राफरनं चेहरा टाळला तर बरोबरच केलं.

रंकाळाकर: पण काळ्या कपड्यातून नुसते डोळे दिसले की बघणाऱ्याला तो संशयितच वाटतो. कंबोडियाचा दिथ प्रान बघ. अमेरिकन पत्रकाराचा दुभाषा. 1975 मध्ये सत्ता बळकावणाऱ्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांच्या तावडीतून त्यानं पत्रकारांना सोडवलं, स्वतः मागं अडकला, 1979 मध्ये निसटला आणि पुढं न्यूयॉर्क टाइम्सचा फोटोग्राफर झाला. त्याचं नाव जगाला कळलं म्हणून काय बिघडलं?

पेठकरी: कळलं ते सुटल्यावर!

करवीरची_लेक: तुम्ही दोघंही प्रेसच्याच फोटोंवर बोलताय. सैनिकांसोबत काढलेला साधा मोबाइल फोटो अफगाण दुभाष्याला परदेशी व्हिसासाठी पुरावा म्हणून कामी यायचा. 15 ऑगस्ट 2021 ला काबूल पडलं आणि तोच फोटो तालिबानला सापडेल म्हणून लोकांनी कागदपत्रांसकट नष्ट केला. ठेवावा तरी भीती, जाळावा तरी सुटकेची वाट बंद. फोटो दाखवायचा की नाही, हे त्या माणसानंच ठरवावं.

पेठकरी: ताई, ज्या तुकडीत तो पोटासाठी राबतोय तिच्यासोबतच फोटोग्राफर आलाय. त्याला तो नाही म्हणेल होय? असली परवानगी मी धरत नाही.

रंकाळाकर: आणि देश सोडून आलेले, आपणहून नावानिशी कॅमेऱ्यासमोर बसलेले?

पेठकरी: त्यांचा भाऊ तिकडंच असंल तर? न्यूरेंबर्ग, प्रान खुशाल लावा. अफगाणिस्तानातला एकही चेहरा नको.

रंकाळाकर: घरचे सगळे बाहेर पडलेत असं जिथं नक्की कळेल, तेवढे मी लावणार. हे मला पटत नाही, की सगळेच झाकून टाकायचे.