बगदाद रेल्वे: भांडण तर मिटलं होतं

काही जण म्हणतात की जर्मन भांडवलावर ऑटोमन (तुर्की) साम्राज्यातून बगदादपर्यंत बांधल्या जाणाऱ्या बर्लिन-बगदाद रेल्वेमुळेच पहिलं महायुद्ध पेटलं. मला हे पटत नाही. १९०३ मध्ये ब्रिटिश सरकार या प्रकल्पात पैसे घालायला जवळजवळ तयार होतं. वर्तमानपत्रांनी ओरड केली म्हणून अंग काढून घेतलं. रशियाने १९११ मध्ये जर्मनीशी जमवून घेतलं. जून १९१४ मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश-जर्मन मसुदाही ठरला: लोहमार्ग बसऱ्यापर्यंतच, पुढे इराणच्या आखातापर्यंत न्यायचा तर ब्रिटनची संमती हवी. ब्रिटिशांचा जीव अडकला होता तो आखातात! कुवेतच्या शेखाला त्यांनी १८९९ मध्येच करारात बांधून ठेवलं होतं.

खरी मेख पैशात होती. ऑटोमन सरकारने दर किलोमीटरमागे उत्पन्नाची हमी दिलेली, गाडी रिकामी धावली तरी खजिन्यातून भरपाई.

आणि आपला संबंध? एप्रिल १९१६ मध्ये इराकमधलं कुत-अल-अमारा तुर्कांच्या हाती पडलं, तेव्हा ब्रिटिश हिंदी फौजेच्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणीही कैद झाल्या. कैद झालेल्या हिंदी शिपायांपैकी बऱ्याच जणांना रास-अल-ऐनला (आजच्या सीरियात) याच रेल्वेच्या कामावर जुंपलं. बगदादपर्यंत सलग गाडी धावली थेट १९४० मध्ये.