मदत हवी आहे: कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरला हटवायचं मतदान, दुसरा प्रश्न कोरा ठेवला तर मत बाद होतं का?

निशिगंध | ३ सप्टेंबर २०२१

नमस्कार मंडळी. गणपती आठवड्यावर आलेत. जेवणाच्या टेबलावर मखराचे पुठ्ठे, सोनेरी कागद, कात्री असा पसारा आहे आणि त्या पसाऱ्याखाली दोन आठवडे मतपत्रिकेचं पाकीट पडून आहे. रोज उचलते, रोज ठेवते.

मी फ्रीमाँटला असते. यंदा मार्चमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली, म्हणजे अमेरिकेतलं हे माझं पहिलंच मतदान. आणि तेही कुणाला निवडायचं नाही, काढायचं! कराडला बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "राज्यपालाला लोक कसे काढतील? त्याला राष्ट्रपती नेमतो." इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री समजा, असं सांगितल्यावर म्हणाले, "मग मुख्यमंत्री म्हण की सरळ. आमच्या राज्यपालांकडे बारा आमदारांची यादी नोव्हेंबरपासून पडून आहे, तिचं काही होत असेल तर बघ." असो.

तर मतपत्रिकेवर प्रश्न दोनच आहेत. पहिला: डेमोक्रॅट पक्षाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांना पदावरून काढावं का? इथे 'होय' म्हणजे काढा आणि 'नाही' म्हणजे राहू द्या. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उलटंच समजले होते. दुसरा: काढलंच तर त्यांच्या जागी कोण? त्याखाली ४६ नावं. एक निवृत्त ऑलिंपिकपटू, एक रेडिओवाले, सॅन डिएगोचे माजी महापौर, एक यूट्यूबवर घरं-गुंतवणुकीचे सल्ले देणारा तरुण. खुद्द न्यूसम यांचं नाव या यादीत असूच शकत नाही म्हणे.

माझी अडचण राजकीय कमी आणि घरगुती जास्त आहे. नवरा 'होय'वाला. आमच्या दोन्ही मुलांची शाळा वर्षभर लॅपटॉपवर झाली. धाकटा पहिलीत, तो म्यूट करून टेबलाखाली जाऊन बसायचा. त्याच काळात गव्हर्नरांची मुलं खाजगी शाळेत वर्गात बसत होती, हे नवऱ्याच्या डोक्यातून जात नाही. आणि ते नापातलं जेवण! लोकांना सांगायचं घरी बसा आणि आपण नोव्हेंबरात फ्रेंच लाँड्री नावाच्या महागड्या हॉटेलात मित्राच्या वाढदिवसाला. राग मलाही आलाच की. पण राग आला म्हणून पद काढून घ्यायचं? पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नेहमीची निवडणूक आहेच. या मधल्या मतदानाचा सरकारी अंदाज २७.६ कोटी डॉलरचा आहे.

मैत्रीण म्हणते, 'नाही' कर आणि दुसरा प्रश्न कोरा सोड, न्यूसम यांच्या प्रचारातही तेच सांगताहेत. नवरा म्हणतो, अर्धवट भरलेली पत्रिका बाद होते. खरं काय? पहिल्याला 'नाही' म्हटलं तर दुसऱ्यात मत देता येतं का? आणि पाकिटाला सहीच्या रेघेच्या दोन्ही टोकांना भोकं आहेत, त्यातून आतलं मत दिसतं असा एक व्हिडिओ फिरतोय. जाणकारांनी सांगा. तुम्ही स्वतः काय ठरवलंत तेही सांगा, पण कृपया भांडू नका, भांडायला घरी माणूस आहे.

जुना_सॅनहोजेकर

धागाकर्तीला आधी कोरडी उत्तरं. पत्रिका बाद होत नाही. दोन्ही प्रश्न स्वतंत्र मोजतात, एकच भरला तरी चालतं. पहिल्याला 'नाही' म्हणूनही दुसऱ्यात मत देता येतं. भोकांचं म्हणाल तर ती अंध आणि कमी दिसणाऱ्या मतदारांना सही कुठे करायची ते बोटांनी कळावं म्हणून आहेत, शिवाय मोजणीवाल्यांना पाकीट रिकामं झालं का ते दिसतं. पत्रिकेची घडी उलटी घाला, झालं.

आता गणित, कारण गोम तिथेच आहे. पहिल्या प्रश्नाला निम्म्याहून जास्त 'होय' लागतात. दुसऱ्यात मात्र ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला, मग ती २० टक्के का असेनात. म्हणजे ४९ टक्के लोकांना हवा असलेला माणूस जाऊ शकतो आणि त्याच्या निम्म्या मतांवर दुसरा खुर्चीत बसू शकतो. यावरून लोक कोर्टातही गेले, कोर्टाने मतदान थांबवायला नकार दिला.

मी २००३ पाहिलंय. तेव्हा गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना काढलं, ५५ टक्के 'होय'. उमेदवार १३५! श्वार्झनेगर ४८.६ टक्क्यांवर निवडून आले, म्हणजे डेव्हिसना राखा म्हणणाऱ्या ४४.६ टक्क्यांपेक्षा जास्त, त्यामुळे तेव्हा हा पेच चव्हाट्यावर आला नाही. तेव्हा डेमोक्रॅटांनी आपले उपगव्हर्नर बुस्तामान्ते यांना दुसऱ्या प्रश्नात उभं केलं, "काढू नका, पण काढलंत तर आमचाच घ्या" असा प्रचार. लोकांना तो दुटप्पी वाटला आणि दोन्हीकडून गेले. म्हणून यंदा पक्षाने मोठं नाव उतरवलंच नाही आणि कोरं ठेवा म्हणताहेत. मला विचाराल तर हा जुगार आहे. मी 'नाही' केलं आणि दुसऱ्यात त्यातल्या त्यात शहाणा वाटला त्याच्यापुढे खूण केली. पावसाचा अंदाज नसला तरी छत्री असू द्यावी.

तवा_गरम

मी 'होय' केलं आणि लपवत नाही. सॅक्रामेंटोजवळ आमचं छोटं हॉटेल होतं. आत बसवू नका, मग थोडे बसवा, मग पुन्हा बंद, मग बाहेर तंबू टाका, तीन आठवड्यांत बाहेरचंही बंद. तंबूचे पैसे आमचे. "होतं" लिहिलंय ते लक्षात घ्या. सगळे आम्हाला ट्रम्पवाले ठरवून मोकळे होतात. मी २०१८ ला न्यूसमलाच मत दिलं होतं.

आणि ही मोहीम कुठल्या बड्या पक्षाने सुरू केली नाही, योलो काउंटीतल्या एका निवृत्त पोलिस सार्जंटने सुरू केली. १४ लाख ९५ हजार ७०९ सह्या हव्या होत्या, १७ लाखांवर वैध निघाल्या. कोर्टाने महामारीमुळे सह्यांना चार महिने वाढवून दिले, तो निकाल आणि ते नापातलं जेवण एकाच दिवशी, ६ नोव्हेंबरला. याला म्हणतात आपल्याच हाताने.

रात्रपाळी

@तवा_गरम, हॉटेल गेलं याचं खरंच वाईट वाटतं. पण मी नर्स आहे. जानेवारीत आमच्या आयसीयूत पेशंटचा हात धरून दुसऱ्या हातात आयपॅड धरायचे, घरच्यांना शेवटचं दिसावं म्हणून. सगळं उघडं ठेवलं असतं तर काय झालं असतं त्याचा विचारही नको. सर्वेक्षणांत पुढे असलेले रेडिओवाले लॅरी एल्डर आल्या आल्या मास्क आणि लशीची सक्ती उठवणार म्हणतात. माझं 'नाही', दुसरा प्रश्न कोरा, पाकीट पेटीत टाकून दोन आठवडे झाले. जेवणाचं म्हणाल तर मूर्खपणा होता, त्यात वाद नाही.

पोह्यात_लिंबू

शाळा, हॉटेलं सगळं ठीक, पण खरी मेख अमेरिकेच्या सिनेटमध्ये आहे. तिथे दोन्ही पक्ष ५०-५०. कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट सिनेटर डायॅन फाइनस्टाइन ८८ वर्षांच्या. त्यांची जागा मध्येच रिकामी झाली तर नेमणूक कोण करतो? गव्हर्नर. आता बघा कोण कशासाठी एवढा पैसा ओततोय. अवांतर: याच फाइनस्टाइनबाईंना १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौर असताना असंच परत बोलवायचा प्रयत्न झाला होता, बाई दणदणीत जिंकल्या.

मिलवॉकीकर

आम्ही २०१२ मध्ये हे भोगलंय. विस्कॉन्सिनमध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांना हटवायचं मतदान झालं. आमच्याकडे दोन प्रश्नांची भानगड नाही, सरळ समोरासमोर लढत होते. वॉकर ५३ टक्क्यांनी टिकले. त्या दिवशी मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं होतं, तर ६० टक्के म्हणाले की असं मतदान फक्त पदाचा गैरवापर केला असेल तरच घ्यावं. म्हणजे वॉकर न आवडणाऱ्यांतलेही काहीजण "पण हा मार्ग नव्हे" म्हणून त्यांच्या बाजूने गेले. निशिगंधताई, तुमचा "राग आला म्हणून पद काढायचं?" हा प्रश्न तिथलाच आहे. माझ्या सासऱ्यांनी त्या वेळी याच कारणाने वॉकरना मत दिलं आणि घरी चार महिने कुणी त्यांच्याशी बोललं नाही.

कृष्णाकाठ

आपल्याकडे हे नवीन नाही हो. उभी बाटली, आडवी बाटली विसरलात? दारूचं दुकान बंद करायला गावातल्या बायका मतदान करतात. तिथेही एकच प्रश्न, चिन्हंसुद्धा बाटलीचीच. पण अट बघा: जेवढ्या मतदानाला आल्या त्यांच्यातल्या नव्हे, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडवी करायला हवी. घरी बसलेली बाईसुद्धा उभ्या बाटलीच्याच बाजूला मोजली जाते. मध्य प्रदेशात नगराध्यक्षाला परत बोलवायच्या मतदानात भरी कुर्सी आणि खाली कुर्सी अशी चिन्हं असतात. कॅलिफोर्नियाने 'होय-नाही'ऐवजी खुर्ची छापली असती तर ताईंचा पहिला गोंधळ झाला नसता.

जेपींपासून अण्णांपर्यंत सगळ्यांनी परत बोलवायचा हक्क मागितला, पण "जागी कोण?" हे कुणी नीट सांगितलं नाही. खरी पंचाईत तीच आहे.

निशिगंध | ५ सप्टेंबर

सगळ्यांचे आभार. पीपीआयसी या इथल्या संशोधन संस्थेचं सर्वेक्षणही आलंय, ५८ टक्के 'नको', ३९ टक्के 'हवं'. ऑगस्टच्या सुरुवातीला एकात उलटं होतं, त्यामुळे मी आकड्यांवर फार जात नाही. काल रात्री मुलं झोपल्यावर आम्ही दोघांनी समोरासमोर बसून भरलं. त्याचं 'होय', माझं 'नाही'. दुसरा प्रश्न मी कोरा ठेवणार होते, पण सॅनहोजेकरांची छत्री आठवली आणि एका नावापुढची जागा काळी केली. कुठल्या ते नवऱ्याला सांगितलेलं नाही. दोन्ही पाकिटं एकाच पेटीत टाकली. तो म्हणाला, "एकमेकांची काटली, उगाच पेट्रोल जाळलं."

निशिगंध | १९ सप्टेंबर

निकाल तुम्ही पाहिलाच. १४ तारखेला रात्री टीव्हीवाल्यांनी तासाभरात जाहीर करून टाकलं, न्यूसम राहिले. 'नाही' साठ टक्क्यांच्या पुढे आहे. नवरा म्हणाला, २०१८ ला न्यूसमना जेवढे टक्के होते तेवढेच आहेत, मग एवढा खर्च कशाला? (आता त्याचंही तेच म्हणणं!)

पण आता नवीच मदत हवी आहे. काल मतदान कचेरीचं पत्र आलं. माझी पाकिटावरची सही त्यांच्याकडच्या सहीशी जुळत नाही! लायसन्स काढताना मी कराडच्या बँकेत करते तशी मराठीत सही केली होती. पाकिटावर मात्र पहिलंच मत म्हणून नीट, सुवाच्य, इंग्रजीत केली. सोबत एक फॉर्म आहे, पुन्हा सही करून पाठवा म्हणतात. मत गेलं का माझं? आणि आता सही कशात करू?

जुना_सॅनहोजेकर

गेलेलं नाही. हा फॉर्म त्यासाठीच असतो, अधिकृत निकाल लागण्याच्या दोन दिवस आधीपर्यंत पोचला की मत मोजतात. उद्याच नेऊन द्या. सही लायसन्सवर आहे तश्शी. मराठीत.

निशिगंध

दिली. काउंटरवरची मुलगी सहीकडे बघून म्हणाली, ही वरची रेघ सहीचाच भाग आहे ना?