शब्दचर्चा: ‘रेटिकल’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न
मंडळी, मी टेक्सासात असतो. इथे १००० यार्डांवरच्या नेमबाजीचा नाद लागलाय. एफ-क्लास म्हणतात त्याला: पालथं पडायचं, रायफल टेकूवर ठेवायची आणि स्कोपमधून नेम धरायचा. नवा स्कोप कसा निवडला ते साताऱ्याच्या काकांना कळवायला बसलो नि तिसऱ्याच ओळीला अडलो. स्कोपला ‘दुर्बीण’ चालून जाईल, पण तिच्या आत दिसणाऱ्या रेषांना, म्हणजे रेटिकलला, काय म्हणू? ‘जालिका’ लिहिलं तर काका मच्छरदाणी समजतील.

प्रतिसाद
काकांचं तसं चुकणार नाही. लॅटिनमध्ये ‘रेटिक्युलम’ म्हणजे छोटं जाळंच. लाकाय या फ्रेंच खगोलज्ञाने अठराव्या शतकात दुर्बिणीतल्या या रेषांवरून दक्षिण आकाशातल्या एका तारकासमूहाला तेच नाव दिलं. पूर्वी या रेषा कोळी किड्याच्या धाग्याच्याही असत, हल्ली काचेवर कोरतात. माझं मत ‘फुली’ला. फुली-गोळा खेळलेल्या कुणालाही समजेल.

प्रतिसाद
आमच्याकडे बंदुकीच्या नळीच्या टोकावरच्या उंचवट्याला ‘माशी’ म्हणतात. तोच शब्द उचला की. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेंनी पॅरिसला पदक घेतलं ते काय फुली बघून?

प्रतिसाद
फुली बघून नाही, आणि दुर्बिणीतूनही नाही! ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही. २०२४ चं ५० मीटर थ्री पोझिशनचं ते कांस्य बारीक छिद्राच्या साइटवर आलंय. माशी नळीवर बसते, रेटिकल काचेत असतं. दोन्हींना एकच शब्द दिला तर काकांना वाटेल, दुर्बिणीत माशी शिरली.

प्रतिसाद
थोडं विषयांतर, पण राहवत नाही. ‘शिस्त’ हा शब्द आपण शाळेपुरता ठेवलाय. फारसीतून आलेल्या या शब्दाचा एक जुना अर्थ नेम असा आहे. ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. एनसीसीत हिंदी आज्ञा ऐकलेल्यांना ‘शिस्त लेना’ आठवत असेल. आता ‘नेम’ बघा. नियम, व्रत तोही नेमच (‘त्याचा रोजचा नेम आहे’), आणि बंदुकीचाही नेमच. म्हणजे आपल्या भाषेत ठरलेलं रोज पाळणं आणि निशाणावर डोळा स्थिर ठेवणं यांना दोनदा एकेकच शब्द पुरलाय. ‘नेमका’ही त्याच घरातला. तेव्हा रेटिकलला ‘नेमरेषा’ म्हणा. फुली, ठिपका, शिडीसारख्या खुणा, सगळं त्यात बसतं.

प्रश्नकर्ता
‘नेमरेषा’ घेतला! आता पुढची अडचण. एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग, याला काय?

प्रतिसाद
अहो, पंचांग उघडा. अंश, कला, विकला. एमओए म्हणजे १ कला. १०० मीटरवर २.९ सेंमी, तुमच्या १००० यार्डांवर सुमारे २६.६ सेंमी. मिलिरेडियनला मात्र ‘मिल’च राहू दे: १०० मीटरवर १० सेंमी, हिशेब तोंडी होतो. पण बटणाच्या एका खटक्याला नेम ०.१ मिल सरकवणारी दुर्बीण १००० यार्डांवर ९ सेंमीची उडी घेते, आणि कलेच्या आठव्या भागाची ३.३ सेंमीची. तुमच्या निशाणावर दहाचं वर्तुळ केवढं?

प्रश्नकर्ता
१० इंच, म्हणजे २५.४ सेंमी. त्याच्या आत ५ इंचांचं ‘एक्स’ नावाचं वर्तुळ. जवळजवळ कलाभर आणि अर्धी कला! म्हणून मी कलेच्या आठव्या भागाचे खटकेवाली घेतली. दुसरा घोळ फर्स्ट आणि सेकंड फोकल प्लेनचा, म्हणजे रेषा दुर्बिणीत कुठे बसवल्यात त्याचा. पहिल्या प्रकारात मोठं करून पाहिलं की रेषाही फुगतात, त्यामुळे खुणांचं माप कितीही पटीला खरं राहतं. दुसऱ्यात रेषा आहे तेवढ्याच दिसतात, पण खुणांचं माप एकाच ठरावीक पटीला जुळतं.

प्रतिसाद
‘वाढती नेमरेषा’ आणि ‘स्थिर नेमरेषा’. कोशात नसेल, पण काकांना कळेल. अंतर आधीच ठाऊक असताना स्थिरच बरी ना? जाड रेषेखाली एक्स झाकलं जाणार नाही.

प्रश्नकर्ता
तीच घेतली, मधे बारीक ठिपका असलेली. जिथे दर निशाणाचं अंतर वेगळं आणि खुणांवरूनच उंची धरायची, तिथले लोक वाढती घेतात. पॅरॅलॅक्सला (डोळा हलला की नेमरेषा निशाणावरून सरकल्यासारखी दिसते, तो प्रकार) शाळेतला ‘पराशय’ आठवला, तो लिहून टाकलाय. आणि मिराजला शब्द शोधावाच लागला नाही. उन्हात जमिनीवर थरथरणारी हवा कुठे वाहते ते बघून आम्ही वारा ओळखतो, म्हणजे आम्ही खरोखरच मृगजळाच्या भरवशावर गोळी सोडतो!

प्रतिसाद
छान. फक्त रेंजला ‘चांदमारी’ लिहा हो, काका खूश होतील.