दादाच्या चार पानी सीव्हीवर झालेली चर्चा

दादा: सर्वांना नमस्कार. गेल्या दोन महिन्यांत मी गोदाम व्यवस्थापकाच्या वीसहून अधिक जागांसाठी अर्ज केले, परंतु मुलाखतीचे बोलावणे एकाही ठिकाणाहून आले नाही. सोबत माझा चार पानांचा सीव्ही जोडला आहे. आत्या, तू इतकी वर्षे उमेदवारांची निवड केली आहेस. भीड न ठेवता मत दे.

आत्या: वाचला. मी तुला ओळखत नसते, तर दुसरे पान उघडलेच नसते. पहिले अर्धे पान जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद आणि ‘आव्हानात्मक वातावरणात स्वतःचा व संस्थेचा विकास साधणे’ या उद्दिष्टाने व्यापले आहे. तू नेमके कोणते काम करतोस, हे मात्र पान उलटल्यावर कळते. भरती करणाऱ्यांची नजर सीव्हीवर कशी फिरते, हे लॅडर्स या अमेरिकी संकेतस्थळाने २०१२ मध्ये तपासले, तेव्हा पहिल्या चाळणीला सुमारे सहा सेकंद लागत असल्याचे आढळले, आणि २०१८ मध्ये हाच आकडा ७.४ सेकंद निघाला. या सेकंदांना मी फार महत्त्व देत नाही, परंतु शंभर अर्ज समोर असताना पहिला हात कसा फिरतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

अण्णाकाका: मला हे पटत नाही. सीव्ही म्हणजे करिक्युलम व्हिटे, आणि या लॅटिन शब्दांचा अर्थच ‘आयुष्याची वाटचाल’ असा आहे. चौदा वर्षांच्या नोकरीतली अर्धी वाट गाळली, तर ती लपवाछपवी ठरणार नाही का?

आत्या: अण्णा, अर्थ तुम्ही बरोबर सांगितलात, परंतु ती संपूर्ण वाटचाल आता मुख्यतः संशोधकांकडूनच मागितली जाते, कारण त्यांना प्रकाशित लेखांची यादी द्यावी लागते. लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या सुमारास मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोव्हिको स्फोर्झाकडे काम मागताना जे पत्र तयार केले, त्यात हलके पूल, वेढ्याची साधने आणि तोफा यांविषयी मुद्द्यामागून मुद्दा मांडला आहे, आणि आपल्याला चित्रेही काढता येतात, हे अगदी शेवटी सांगितले आहे. समोरच्याला चिंता युद्धाची होती, हे त्याने ओळखले होते. आपल्या दादाने मात्र वीस ठिकाणी एकच सीव्ही पाठवला. प्रत्येक जाहिरातीत काय मागितले आहे ते अधोरेखित करून, त्यातले जे आपण खरोखर केले आहे ते वर आणायला हवे.

वहिनी: एक तांत्रिक बाब सांगते. अनेक ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचते, आणि दोन रकान्यांची मांडणी, तक्ते किंवा चित्रात लिहिलेला मजकूर असेल, तर ते गोंधळू शकते. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. तिथे क्रम विस्कटला, तर सॉफ्टवेअरकडेही तो तसाच जाण्याची शक्यता असते. शिवाय फाइलला ‘फायनल नवा ३’ असे नाव न देता स्वतःचे नाव द्यावे.

दादा: मांडणी बदलतो. पण ‘साठ्याची जबाबदारी सांभाळली’ या वाक्यात काय चुकले?

आत्या: ती जबाबदारी त्या पदावरच्या प्रत्येकाची असते. तू तिथे गेल्यावर काय बदलले?

दादा: पूर्वी वर्षातून एकदाच मोजणी होत असे. मी रोज एका विभागाची मोजणी सुरू केली, आणि नोंदीतला व प्रत्यक्ष मालातला फरक दीड वर्षात चार टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली आला.

आत्या: अरे, मग हे चार पानांत कुठेच का नाही?

दादा: आपणच आपली बढाई मारल्यासारखे वाटले.

आत्या: ‘मेहनती, कुशल, संघभावनेने काम करणारा’ ही तुझी तिसरी ओळ आहे, आणि बढाई असेल तर ती तिथे आहे, कारण ती कोणालाही लिहिता येते. मोजणीचे वाक्य फक्त तुलाच लिहिता येईल, आणि मुलाखतीत त्यावर दहा प्रश्न आले तरी तू डगमगणार नाहीस. ज्या आकड्याचा हिशेब देता येणार नाही, तो मात्र लिहू नकोस.

दादा: बाबांच्या आजारपणात अकरा महिने नोकरी नव्हती. तिथे आधीच्या नोकरीच्या तारखा थोड्या पुढे ओढल्या आहेत.

आत्या: त्या आजच दुरुस्त कर. जुन्या मालकाला एक फोन केला की हे उघड होते, आणि मग खरे असलेले बाकी सगळेही संशयास्पद ठरते. ‘कौटुंबिक शुश्रूषेसाठी विराम’ एवढी ओळ पुरेशी आहे; आजाराचा तपशील देण्याचे कारण नाही.

अण्णाकाका: तारखांविषयी मी पूर्ण सहमत आहे. दोन पानांची नवी प्रत तयार झाली की आधी माझ्याकडे पाठव. ‘व्यवस्थापक’ हा शब्द तू तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला आहेस, आणि इतक्या चर्चेत ते कोणाच्याही नजरेस आलेले नाही.