बारावीनंतर साधी बी.एस्सी. की सरळ नोकरीचा कोर्स?

बार्शीकर सर

एकोणीस वर्षं बारावीला रसायनशास्त्र शिकवतोय. निकाल लागला की पालक घरी येतात. इतकी वर्षं मी एकच सांगत आलो: आधी बी.एस्सी. करू द्या, पाया पक्का होईल, पुढचं पुढे बघू. यंदापासून ते सांगणं बंद केलंय. ज्या मुलींना मी हा सल्ला दिला, त्यांतल्या कितीतरी जणींचं तिसऱ्या वर्षातच लग्न ठरलं आणि पदवी पेटीत गेली. त्याच गावातल्या जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका केलेल्या दोघी आज पुण्यात नोकरीला आहेत, धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च त्याच उचलतात. जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी.सुद्धा तीनच वर्षांची. एकीला शेवटी नर्सिंग परिषदेचं रजिस्ट्रेशन मिळतं, दुसरीला नुसती गुणपत्रिका.

फीचं म्हणाल तर २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रम मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तेव्हा नीट-सीईटीत जमलं नाही, तर जीएनएम, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका), डी.फार्म. (औषधनिर्माणाची पदविका), बीसीए (कॉम्प्युटरची पदवी) असा हाताला काम देणारा कोर्सच घ्यावा, असं माझं ठाम मत झालंय. कुणाला पटत नसेल तर स्पष्ट सांगा.

डीएड २००९

सर, हेच आम्हाला २००७ साली सांगितलं होतं. फक्त कोर्सचं नाव डी.एड. होतं.

दोन वर्षं काढली की झेडपीच्या शाळेत मास्तर, हे सगळं गाव धरून चालायचं. तालुक्या-तालुक्यात विद्यालयं निघाली. वडिलांनी बैलजोडी विकून माझी फी भरली. २०१० ची शिक्षकभरतीची सीईटी दिली, थोडक्यात राहिलो. पुढची येईल म्हणून थांबलो. २०१२ नंतर भरती जवळजवळ थांबलीच, २०१३ ला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आली, आणि आमची अख्खी बॅच वाट बघत बघत पस्तिशीला आली. आज मी खताच्या दुकानात हिशोब लिहितो. पदविका असल्यामुळे पदवी लागणाऱ्या परीक्षेचा फॉर्मसुद्धा भरता येत नव्हता. शेवटी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. ते आधी केलं असतं तर निदान दहा ठिकाणी अर्ज टाकले असते.

लॅबवाली

खरं तर मी सरांच्या बाजूनं बोलायला हवं. डीएमएलटीवरच माझं घर चालतं. पण बोलणार नाही, आणि कारण सांगते.

आमची संस्था एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. चाळीस मुलांत दोन मायक्रोस्कोप. रक्त काढायला शिकलो ते रबरी हातावर. कुठली नळी कशाला, हे मात्र पाठ करून घेतलं होतं: जांभळं बूच सीबीसीला, म्हणजे रक्तपेशी मोजायला, करडं साखरेला, पिवळं बाकीच्या तपासण्यांना.

नोकरी लागून तीन महिने झाले असतील. रात्रपाळी होती, एका आजीबाईंची शीर सापडेना. जांभळी नळी भरली, पिवळीत रक्त कमी पडलं. पुन्हा टोचायचं जिवावर आलं, म्हणून जांभळीतलं थोडं रक्त पिवळीत ओतलं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम नऊच्या वर, कॅल्शियम एकदम खाली. वॉर्डात पळापळ झाली. आजीबाई मात्र खाटेवर बसून चहा पीत होत्या. आमच्या सीनियरनी रिपोर्टकडे एकदाच बघितलं आणि विचारलं, "जांभळ्यातलं पिवळ्यात ओतलंस ना?"

जांभळ्या नळीत पोटॅशियम ईडीटीए असतं. रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, आणि त्याच्यातलं पोटॅशियम रिपोर्टमध्ये येतं. मला रंग शिकवला होता, कारण शिकवलंच नव्हतं. सीनियर आधी बी.एस्सी. केमिस्ट्री झालेले, मग एका वर्षाची डीएमएलटी केलेली. पाण्याचा कठीणपणा काढताना त्यांनी हेच ईडीटीए वापरलं होतं, म्हणून त्यांना क्षणात कळलं. आजीबाईंना त्या रिपोर्टवर कुणी औषध दिलं असतं तर काय झालं असतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

बार्शीकर सर

ताई, हे उघडपणे लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण हा दोष कोर्सचा नाही, संस्थेचा आहे.

आणि ईडीटीएचं निघालंच आहे तर सांगतो. बी.एस्सी.ची मुलं ब्युरेट धरून उभी राहतात, लालसर रंग निळा झाला की रीडिंग लिहितात, जर्नलवर सही घेतात. हेच रसायन रक्ताच्या नळीत असतं, हे त्यांना कोण सांगतं? मी स्वतः पदवीला ते टायट्रेशन केलंय. नळीचं आज तुमच्याकडून कळलं. मग पाया पक्का झाला असं कसं म्हणायचं?

मिरजची सिस्टर

सरांशी सहमत. मी जीएनएम सरकारी रुग्णालयात केलं. पहिल्या वर्षापासून वॉर्डात ड्युटी असल्यामुळे नोकरीत नवीन असं काही वाटलं नाही. पालकांना कळकळीनं सांगेन, माहितीपत्रक बाजूला ठेवा. कॉलेजला रुग्णालय कुठलं जोडलंय ते विचारा आणि दुपारी जाऊन खाटा बघा. खाटा रिकाम्या असतील तर मुलगी शिकणार कशावर? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. मी ड्युटी सांभाळून जर्मन शिकतेय.

हिंजवडी

सर, बीसीएला या रांगेत बसवू नका. नर्स, फार्मसिस्टला नोंदणीशिवाय काम करता येत नाही, त्यामुळे त्या कागदाला किंमत आहे. आमच्या आयटीत बी.एस्सी. गणितवाली मुलगीही त्याच मुलाखतीला बसते आणि प्रोग्रॅम नीट लिहिला तर निवडली जाते. शिवाय २०२४ ला बीसीए-बीबीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले, सीईटी लागली. जागा रिकाम्या राहिल्या म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा सीईटी घ्यावी लागली. काही कॉलेजांनी कोर्सचं नावच बदलून टाकलं. त्या गोंधळात माझ्या पुतण्याचे दोन महिने गेले.

डीएड २००९

नोंदणीला किंमत आहे, मान्य. पण डी.एड.शिवायही झेडपीत मास्तर होता येत नव्हतं. भरतीच थांबल्यावर त्या कागदाचं आम्ही काय करायचं?

बार्शीकर सर

बीसीए माझ्या यादीतून काढतो, हिंजवडींचं पटलं. डी.एड.वाल्या दादांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि उगाच काहीतरी सांगणार नाही. उद्या एका मुलीचे वडील येणार आहेत, जीएनएमचं विचारायला. त्यांना घेऊन आधी ते रुग्णालय बघून येतो.

लॅबवाली

सर, मुलीलाही सोबत घ्या. रक्त बघून तिला चक्कर येते का, रात्रपाळी चालेल का, तिच्या मनात काय आहे, हे तुमच्या पहिल्या पोस्टपासून कुणीच विचारलेलं नाही.