हॉटेल, हॉस्टेल, होमस्टे : मुक्कामाच्या जागांचे बारकावे (अनुभव धागा)

जुडगा
कपाट आवरताना पितळी बिल्ल्याची एक जुनी खोलीची चावी हाताला लागली आणि रिसेप्शनमागची ती कप्प्याकप्प्यांची फळी आठवली. बिल्ला मुद्दाम जड असायचा. खिशात टोचला की माणूस बाहेर जाताना चावी ठेवून जातो. कप्प्यात चावी म्हणजे पाहुणा बाहेर, कप्पा रिकामा म्हणजे आत. आग लागली तर वर कोण अडकलंय हे एका नजरेत कळायचं. कार्ड आलं आणि ती सोय गेली.

या धंद्यात काम केलेल्यांनी आणि सतत बाहेर राहणाऱ्यांनी लिहा. "मस्त होतं, व्ह्यू छान" नको, कामाचं लिहा. माझं म्हणणं एवढंच की हॉटेल, मोटेल, गेस्टहाऊस, होमस्टे या पाट्यांवरून फार काही कळत नाही. रात्री दोनला तिथे जागं कोण असतं, खोली कोण झाडतं आणि दुसरी चावी कोणाकडे असते, हे तीन प्रश्न विचारा. जागा कशी आहे ते तिथेच समजतं.

रात्रपाळी
दोन वाजता जागं कोण? नाइट ऑडिटवाला, म्हणजे रात्री दिवसभराचा हिशोब बंद करणारा :)

हॉटेलचा दिवस बारा वाजता बदलत नाही, ऑडिट संपल्यावर बदलतो. साधारण दोन-तीन वाजता. त्यामुळे १५ तारखेला रात्री एक वाजता पोहोचणार असाल तर बुकिंग १४ तारखेचं हवं. लोक १५ चं करतात आणि लॉबीत दुपारपर्यंत बसून राहतात.

दुसरं म्हणजे ऑडिटपर्यंत तुम्ही आला नाहीत तर बुकिंग नो-शो होतं आणि बऱ्याच ठिकाणी पहिली रात्रच नाही, पुढच्या सगळ्या रात्री सिस्टीममधून उडतात. पहिली रात्र चुकणार असेल तर आधी फोन करा, "उशिरा येतोय, बुकिंग ठेवा" असं सांगा आणि ज्याने नोंद केली त्याचं नाव विचारून ठेवा.

निवांत_७
वाचनखूण साठवली.

पत्र्याची_पेटी
कार्डाबद्दल. दार उघडत नाही म्हणून लोक कार्ड शर्टावर घासतात, त्याने काही होत नाही. काळ्या पट्टीचं कार्ड असेल तर ते कमी ताकदीच्या चुंबकावर लिहिलेलं असतं. मोबाईल कव्हरच्या किंवा पर्सच्या चुंबकाला लागलं की पुसलं जातं. नुसतं टेकवायचं कार्ड असेल तर चुंबकाचा काही संबंध नाही, तिथे घोळ दुसरा असतो.

खोलीत दोघं आहेत, एकाने कार्ड हरवलं, रिसेप्शनवर गेला. त्यांनी 'डुप्लिकेट' ऐवजी 'नवीन' कार्ड काढून दिलं. नवीन कार्ड पहिल्यांदा कुलपाला लागलं की जुनी सगळी कार्डं बाद. मग दुसरा माणूस बाहेर उभा. तेव्हा मागताना "आधीचं चालू ठेवून आणखी एक द्या" असंच म्हणा. कार्ड खरंच हरवलं असेल तर मात्र नवीनच मागा, म्हणजे सापडलेलं कार्ड कोणाला वापरता येणार नाही.

दिवा पिवळा लुकलुकत असेल तर बहुतेक वेळा कुलपातले पेन्सिल सेल संपत आलेत. बहुतेक कुलपांत चार असतात. लगेच सांगा, मध्यरात्री ते पूर्ण बसले तर मशीन घेऊन माणूस यावा लागतो.

उंबरठा
@पत्र्याची_पेटी, आतून बोल्ट फिरवला तर स्टाफच्या कार्डाने दार उघडतं का?

पत्र्याची_पेटी
साफसफाईवाल्यांच्या, मजल्याच्या कार्डाने नाही. इमर्जन्सी कार्डाने उघडतं, ते एक-दोघांकडेच असतं. आणि कुठलं कार्ड कधी लागलं याची नोंद कुलपातच राहते. वस्तू गेली असेल तर "कुलपाची नोंद काढा" असं लेखी मागायचं, आणि लगेच. जागा मर्यादित असते, जुन्या नोंदी पुसून नव्या येतात.

सुतळी
जड बिल्ल्याची चावी खिशात राहिलीच तर पोस्टाने परत पाठवायचे लोक. कार्ड कोणी परत पाठवलंय का? आमच्याकडे पुस्तकात खुणेला आहेत 😄

बेसिन
खोलीत शिरल्यावर गटाराचा वास येतोय? रूम बदलायच्या आधी हे करून बघा. बाथरूमच्या जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये पाण्याचा थर असतो, साधारण पाच सेंटीमीटर, तोच पाइपातली हवा अडवतो. खोली बरेच दिवस बंद राहिली की पाणी उडून जातं आणि वास वर येतो. जाळीवर हळूहळू लिटरभर पाणी ओता, एक्झॉस्ट चालू करा, पंधरा मिनिटं थांबा. नव्वद टक्के काम होतं (टक्के माझे, मनावर घेऊ नका). बेसिन आणि टबची भोकंही विसरू नका. पाणी ओतूनही परत वास आला तर ट्रॅपच नाही किंवा तडकलाय. मग सरळ खोली बदला.

बंद खोलीचं पाण्याचंही तेच. लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू २० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये वाढतो, साचलेल्या कोमट पाण्यात. तो पोटातून नाही, शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणून गरम टाकी ६० अंशांवर ठेवायची आणि न वापरलेले नळ आठवड्याला सोडायचे असा दंडक आहे. पाहुण्याने शॉवर खाली सोडून दोन-तीन मिनिटं वाहू द्यावा आणि तेवढा वेळ स्वतः बाथरूमबाहेर राहावं. मिनिटभर सोडूनही गरम पाणी कोमटच येत असेल तर तक्रार करा. तक्रार अंघोळीच्या सुखासाठी नाही, या कारणासाठी.

रेवती_
बेसिन, हे माहीतच नव्हतं. दरवेळी सेंट मारायचो वासावर.

अर्धी_बाही
आंघोळीवरून : शेजारच्या बाथरूममधली कुजबुज ऐकू येते ना, त्याला इतिहास आहे. १९०८ मध्ये एल्सवर्थ स्टॅटलर यांनी बफेलोच्या हॉटेलात प्रत्येक खोलीला न्हाणीघर दिलं. परवडावं म्हणून दोन खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून बांधली आणि सगळे पाइप एकाच उभ्या शाफ्टमधून नेले. अजून तसंच बांधतात. झोप हलकी असेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू बाथरूमच्या भिंतीला नको, मधलं दार असलेली खोली नको, लिफ्ट आणि चादरींच्या स्टोअरशेजारची नको. सकाळी सहाला तिथे ट्रॉल्या निघतात.

आणि कुटुंबासाठी दोन खोल्या हव्या असतील तर 'कनेक्टिंग' म्हणा. 'अ‍ॅडजॉइनिंग' म्हणजे फक्त शेजारशेजारच्या, आतून दार असेलच असं नाही.

घडीची_चादर
हाऊसकीपिंगकडून चार ओळी, फोनवरून लिहितेय, चुका समजून घ्या.

"खोली रिकामी दिसतेय, मग देत का नाही?" चेकआऊटच्या खोलीला अर्धा तास लागतो, राहत्या खोलीला कमी. एका बाईला पाळीत चौदा-पंधरा खोल्या. त्यात झाडून झाली म्हणजे 'तयार' नाही, सुपरवायझर बघून जाईपर्यंत सिस्टीममध्ये ती देता येत नाही. लवकर खोली हवी असेल तर सकाळी फोन करून "कुठलीही चालेल, मजला-व्ह्यूची अट नाही" सांगा. ज्याला अट नाही त्याला आधी मिळते.

चादरींचे किमान तीन संच लागतात, एक पलंगावर, एक धुवायला, एक कपाटात. जिथे दोनच संच आहेत तिथे ओलसर चादर येते. हात फिरवून बघा, कुबट वास आला तर बदलून मागा. पलंगावरची शोभेची रंगीत पट्टी आणि शोभेच्या उशा पाहुण्यागणिक धुतल्या जात नाहीत. आल्या आल्या खुर्चीवर काढून ठेवा.

चष्मिष
ढेकूण!!! कोणीच कसं नाही लिहिलं

घडीची_चादर
लिहिते. बॅग आधी बाथरूमच्या फरशीवर, पलंगावर नाही, गालिच्यावरही नाही. डोक्याकडच्या दोन्ही कोपऱ्यांत चादर उचला, गादीची शिवण बोटाने उघडून टॉर्च मारा. मोठा ढेकूण चार-पाच मिलिमीटरचा, चपटा, तपकिरी. तो दिसला नाही तरी शाईच्या पेनने टिंबं दिल्यासारखे काळे डाग दिसतात. नंतर हेडबोर्डची फट आणि सामान ठेवायच्या स्टँडचे पट्टे. सापडले तर शेजारची, वरची, खालची खोली घेऊ नका, दूरची घ्या. ते भिंतीतल्या वायरींच्या वाटेने जातात. घरी आल्यावर कपडे ६० अंशांवर धुवा किंवा ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर अर्धा तास फिरवा.

चष्मिष
आता झोप येणार नाही, धन्यवाद

वळकटी
हॉस्टेलवाल्यांसाठी. कुलूप स्वतःचं न्या आणि बारीक दांडीचं न्या, जाड दांडी लॉकरच्या कोयंड्यात जात नाही. सामान रात्रीच लावून ठेवा, पहाटे पाचला प्लास्टिकच्या पिशव्या कुरकुर वाजवणारा माणूस सगळ्या डॉर्मचा शत्रू. खालचा बंक हवा असेल तर बुकिंगच्या वेळी लिहा. दुपारी बंद असतं का तेही विचारा. जुनी पद्धत तशीच आहे, १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात रिशार्ड शिरमान या शिक्षकाने पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल थाटलं ते पायी हिंडणाऱ्या मुलांसाठी. दिवसभर हिंडा, रात्री या, असा हिशोब.

कॅप्सूल हॉटेल (पहिलं ओसाकात, १९७९, वास्तुरचनाकार किशो कुरोकावा) हे हॉस्टेलचंच भावंड. साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, तेवढंच उंच. दाराऐवजी पडदा, आतून कुलूप नाही. मोठी सूटकेस लॉकरमध्ये मावत नाही, ती स्टेशनवर ठेवून जा. आणि लागोपाठ दोन रात्री असल्या तरी बऱ्याच ठिकाणी दिवसा बाहेर पडावंच लागतं.

खिडकीपाशी
जपानचा विषय निघालाच तर रिओकानचा (पारंपरिक जपानी सराय) दर बहुतेक वेळा माणशी असतो, खोलीमागे नाही. दोघं गेलात की दुप्पट. तिथे संध्याकाळी जेवणाच्या आधी पोहोचायचं, रात्री दहाला उगवून चालत नाही. यामानाशीतलं निशियामा ओन्सेन केइउन्कान ७०५ सालापासून चालू आहे, गिनीजमध्ये नोंद आहे. तेराशे वर्षं 'चेक-इन उशिरा होईल का' ऐकतायत बिचारे.

उंबरठा
😂

सहावा_मजला
आग. लवकर लिहितो, मीटिंग आहे.
खोली दुसऱ्या ते सहाव्या मजल्यावर मागा. त्याहून वर बंबाची शिडी पोहोचेलच असं नाही, तळमजला चोरीला सोपा. खोलीपासून जिन्यापर्यंतची दारं मोजा, कारण धुरात पाटी दिसत नाही, भिंत चाचपत जावं लागतं. जिन्याचं दार एकदा ढकलून बघा. कार्ड पलंगाशेजारी एकाच जागी ठेवा, जिना धुराने भरलेला निघाला तर खोलीत परत यावं लागतं. बाहेर पडता येत नसेल तर दाराखालच्या फटीत ओले टॉवेल, एसी बंद, फोन करून खोली नंबर सांगा.

माळ्यावरचा
वरच्याला जोडून, होमस्टे आणि सर्व्हिस अपार्टमेंटबद्दल. तिथे रात्री कोणीच जागं नसतं. गॅस गिझर बाथरूममध्येच असेल आणि हवा जायला झरोका नसेल तर तिथे राहू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, धुराच्या अलार्मला तो कळत नाही. बॅटरीवरचा छोटा सीओ अलार्म मुठीत मावतो. किल्लीपेटीचा (दाराबाहेरची, कोडने उघडणारी चावीची पेटी) कोड स्क्रीनशॉट काढून आणि कागदावरही ठेवा, दारात उभं असतानाच फोन मरतो.

खजिना
तिजोरी वापरायच्या आधी : दार उघडं ठेवून तुमचा कोड टाका, बोल्ट बाहेर येतील. आता सहा शून्य टाका, मग सहा नऊ. उघडली तर कारखान्याचा मास्टर कोड कोणी बदललेलाच नाही, त्यात पासपोर्ट ठेवू नका. रिकाम्या तिजोरीवर करा, जास्त वेळा चुकलं की काही वेळ ती ठप्प होते.

रेवती_
एसी रात्री आपोआप बंद होतो तो प्रकार काय आहे? कार्ड दाराजवळच्या विजेच्या खाचेतच असतं.

पत्र्याची_पेटी
हालचालीचा सेन्सर. तुम्ही गाढ झोपलात की त्याला वाटतं खोली रिकामी. रिसेप्शनला सांगून बंद करता येतो. बाल्कनीचं दार नीट लागलंय ना तेही बघा, तिथे चुंबकी स्विच असतो, फट राहिली तरी एसी बंद.

रेवती_
बाल्कनीच असणार. तिचा कोयंडा मुळातच वाकडा होता.

रात्रपाळी
एक राहिलंच. अनामत डेबिट कार्डावर देऊ नका. ते पैसे 'रोखलेले' असतात, हॉटेलने सोडले तरी बँकेकडून मोकळे व्हायला कित्येकदा आठवडा लागतो. अनामत एका कार्डावर आणि बिल दुसऱ्यावर भरलंत तर पहिल्यावरची रक्कम आपोआप सुटत नाही, "आधीची अनामत रद्द करा" असं सांगून पावती घ्या.

सुतळी
आणि कार्ड परत द्या रे. (मी पुस्तकातली शोधतोय.)